संघराज्याचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि आपला चांदा मुलूख

२६ नोव्हेंबर हा दिवस २०१५ पासून आपल्या देशात संविधान दिन म्हणून पाळला जातो. याच सुमारास ख्रिस्तसभा ख्रिस्तराजाचा सण साजरा करीत असते. या निमित्ताने डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. चवदार तळ्याचा सत्याग्रह, पुणे करार, धम्मदीक्षा या घटना सर्वांना परिचित आहेत व त्यांवर विपुल लेखन झालेले आहे. आम्ही येथे त्यांच्या जीवनातील एकाच सूत्राचा मागोवा घेणार आहोत. अनेक राज्ये, अनेक भाषा व अनेक धर्म असलेला देश एका छपराखाली कसा नांदावा आणि त्या घरातील सर्वांत दुबळ्याचे रक्षण कोणी करावे, हा तो प्रश्न. चंद्रपूर व गडचिरोली या आपल्या जंगलमय जिल्ह्यांशी त्याचा संबंध वरवर वाटतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे.

तीन राजवटींच्या सीमेवर

हा प्रश्न समजण्यासाठी १९४७ पूर्वीचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो. आजचे दोन्ही जिल्हे मिळून तेव्हा एकच चांदा जिल्हा होता आणि तो मध्य प्रांत व वऱ्हाड या ब्रिटिश प्रांतात मोडत असे. वर्धा नदी ओलांडली की निजामाचे हैदराबाद संस्थान लागे. आजचा राजुरा तालुका त्या काळी निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. पूर्वेला बस्तरचे संस्थान होते. सिरोंच्याच्या परिसरात प्राणहिता, गोदावरी व इंद्रावती या नद्या एकमेकींना मिळतात. तेथे या तिन्ही राजवटी एकमेकींना भिडत. नदीच्या दोन्ही तीरांवर गोंड, माडिया व तेलुगूभाषक लोक राहत, सोयरिकी होत, बाजार भरत. परंतु अल्याड एक कायदा व पल्याड दुसरा.

खुद्द चांदा जिल्ह्यातही सर्वांना एक न्याय नव्हता. १९३५ च्या कायद्यान्वये अहेरीची जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलीतील अनेक लहान जमीनदाऱ्या अंशतः वर्जित क्षेत्र म्हणून वेगळ्या काढण्यात आल्या. तेथे प्रांतिक विधिमंडळाचे कायदे गव्हर्नरच्या आज्ञेशिवाय लागू होत नसत. अशा विखुरलेल्या मुलखातून एक राष्ट्र उभे करावयाचे होते.

विद्यार्थी आणि संशोधक

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

ज्या देशात ते शिकावयास गेले तो देश संघराज्याच्या प्रयोगातूनच घडलेला होता. अमेरिकेतील तेरा राज्यांनी १७८१ मध्ये प्रथम एक सैल मैत्रीसंघ केला. त्या संघाच्या केंद्राला कर बसविण्याचा अधिकार नव्हता व आज्ञा पाळून घेण्याचे बळ नव्हते. काही वर्षांतच तो निकामी ठरला आणि १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे नवे संविधान लिहावे लागले.

भीमरावांनी कोलंबियात संशोधनासाठी विषय निवडला तो ब्रिटिश हिंदुस्थानातील केंद्र व प्रांत यांच्या आर्थिक संबंधांचा. १८३३ च्या कायद्याने साऱ्या प्रांतांची तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हाती गेली होती. प्रांतांनी खर्च करावयाचा, पण परवानगी वरून घ्यावयाची. १८७० नंतर लॉर्ड मेयो यांच्या योजनेपासून प्रांतांना थोडे थोडे स्वातंत्र्य मिळत गेले. हा प्रवास त्यांनी बारकाईने अभ्यासला आणि १९२५ मध्ये तो ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. अधिकार कागदावर देऊन पैसा मात्र दुसऱ्याच्या हाती ठेवला, तर ते स्वातंत्र्य पोकळ ठरते, हा धडा त्यांना तरुणपणीच मिळाला. पुढे संविधानात दर पाच वर्षांनी वा त्याआधी वित्त आयोग नेमून केंद्र व राज्ये यांच्यात करांची वाटणी ठरविण्याची जी तरतूद आली, तिच्यामागील प्रश्न हाच होता.

लंडन आणि पुणे

१९३० ते १९३२ या काळात लंडनला गोलमेज परिषदा भरल्या. १९३१ च्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेब संघराज्याच्या रचनेचा विचार करणाऱ्या समितीचे सदस्य होते. त्याच १९३१ साली, मे महिन्यात, पोप अकरावे पायस यांनी समाजव्यवस्थेविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले. लहान समूह जे कार्य स्वतः करू शकतो ते मोठ्या समूहाने त्याच्यापासून हिरावून घेऊ नये. मोठ्याने लहानाला साहाय्य करावे, गिळू नये, हे तत्त्व त्यात स्पष्ट मांडले गेले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. तरीही एकाच वर्षी दोन भिन्न ठिकाणी एकाच प्रश्नाचा विचार चालू होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या परिषदांमधून १९३५ चा कायदा आला. त्यात ब्रिटिश प्रांत व साडेपाचशेहून अधिक संस्थाने यांचे एक संघराज्य योजिले होते. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत बाबासाहेबांनी या योजनेची कठोर चिकित्सा केली. कनिष्ठ सभागृहातील ३७५ जागांपैकी १२५ व वरिष्ठ सभागृहातील २६० जागांपैकी १०४ जागा संस्थानांना दिल्या होत्या. संस्थानांची लोकसंख्या देशाच्या सुमारे एक चतुर्थांश असताना त्यांचा वाटा मात्र एक तृतीयांश व दोन पंचमांश! शिवाय ते प्रतिनिधी प्रजेने निवडावयाचे नसून राजाने नेमावयाचे होते. म्हणजे चांद्याचा प्रतिनिधी मतदारांना उत्तर देणार आणि वर्धेपलीकडचा निजामाला. बाबासाहेबांचा आक्षेप नेमका येथे होता. संघराज्य राजांचे करावयाचे की माणसांचे, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. पुरेशी संस्थाने सामील झाली नाहीत, १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ते संघराज्य कधी अस्तित्वात आलेच नाही.

संविधान सभेत

१९४६ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळाने नवी योजना आणली. तीत केंद्राकडे परराष्ट्र व्यवहार, संरक्षण व दळणवळण एवढेच विषय होते. त्या वर्षी बंगालमधून निवडून आलेल्या बाबासाहेबांनी १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत आपले मत मांडले. देश एकसंध राहावा व केंद्र बलवान असावे, असा त्यांचा आग्रह होता. फाळणीमुळे त्यांची जागा गेली. जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी मसुदा सभेपुढे मांडला. भारताला राज्यांचा संघ असे संबोधण्याचे कारण त्यांनी त्या वेळी समजावून सांगितले. हा संघ राज्यांनी एकमेकांशी केलेल्या कराराने जन्मलेला नाही. म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही. राज्ये ही कारभाराच्या सोयीसाठी आहेत, जनता मात्र एक आहे. सोव्हिएत संघाच्या संविधानात फुटून जाण्याचा हक्क लिहून ठेवला होता. १९९१ मध्ये तो संघ विस्कटला. आपला संघ टिकून आहे.

मूळ संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ व समवर्ती सूचीत ४७ विषय होते. अमेरिकेत संघराज्याचे व घटकराज्याचे असे दुहेरी नागरिकत्व असते. आपल्याकडे नागरिकत्व एकच ठेवण्यात आले. याचा लाभ आपल्या ख्रिस्तसभेने प्रत्यक्ष घेतला आहे. १९६२ मध्ये चांदा मिशनचे कार्य केरळमध्ये स्थापन झालेल्या सी.एम.आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले आणि १९७७ मध्ये चांदा धर्मप्रांत झाला. केरळच्या धर्मभगिनी जंगलातील गावात येऊन दवाखाना वा शाळा चालवितात, तेव्हा त्या तेथे परक्या देशाच्या नागरिक नसतात. ही गोष्ट आपण गृहीत धरतो. परंतु ती कोणीतरी विचारपूर्वक लिहून ठेवलेली आहे.

मूलभूत हक्कांची गोष्टही अशीच. धर्म पाळण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य, तसेच अल्पसंख्याकांचा शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क हे राज्यांच्या मर्जीवर सोडलेले नाहीत. ते प्रत्येक विधिमंडळावर बंधनकारक आहेत. या चर्चांमध्ये येशूसंघीय धर्मगुरू जेरोम डिसोझा यांच्यासारखे ख्रिस्ती सदस्यही सहभागी होते. १९४९ मध्ये धर्मावर आधारलेल्या राखीव जागा वगळण्याचे ठरले, तेव्हा ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्यास संमती दिली. राखीव जागांऐवजी सर्वांना समान असलेल्या हक्कांवर त्यांनी विश्वास टाकला.

जंगलासाठी वेगळी तरतूद

बलवान केंद्राचा पुरस्कार म्हणजे सर्वांना एकाच मापाने मोजणे नव्हे. सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी पाचव्या अनुसूचीचा सुधारित मसुदा सभेपुढे ठेवला. त्यानुसार अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा लागू करू नये वा फेरफार करून लागू करावा, असे राज्यपाल ठरवू शकतात. आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतरण व सावकारी यांवर ते निर्बंध घालू शकतात. आदिवासी सल्लागार परिषदेत तीन चतुर्थांश सदस्य विधानसभेतील आदिवासी प्रतिनिधी असावेत, असा नियम झाला. या क्षेत्रांच्या कारभाराबाबत केंद्र राज्याला निर्देश देऊ शकते, आणि त्यांच्या उन्नतीसाठी भारताच्या संचित निधीतून अनुदान देण्याचीही तरतूद आहे.

जयपाल सिंग मुंडा यांच्यासारख्या आदिवासी नेत्यांना याहून अधिक हवे होते, आणि त्यांच्या असमाधानाला आधार होता. राज्यपालांनी हे अधिकार फार क्वचित वापरले, हा पुढील अनेक दशकांचा अनुभव आहे. तरीही सबंध देशासाठी केलेल्या कायद्यापुढे जंगलातील माणूस चिरडला जाऊ नये म्हणून संविधानातच एक दार ठेवले गेले, हे महत्त्वाचे. गडचिरोलीचा मोठा भाग व चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावे आज याच अनुसूचीखाली येतात.

भाषावार राज्ये आणि विदर्भ

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. १९५१ मध्ये बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला व १९५२ पासून ते राज्यसभेत बसू लागले. आपल्याच कृतीकडे ते डोळस दृष्टीने पाहत. सप्टेंबर १९५३ मध्ये आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना, भाषिक राज्यांतील अल्पसंख्याकांच्या रक्षणासाठी राज्यपालांना विशेष अधिकार असावेत असे त्यांनी आग्रहाने मांडले आणि संविधानाविषयीचा आपला असंतोष तीव्र शब्दांत व्यक्त केला. असा विचार जगात नवा नव्हता. कॅनडाच्या १८६७ च्या कायद्यात अल्पसंख्य कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट शाळांच्या हक्कांवर प्रांताने आघात केल्यास वरच्या सरकारकडे दाद मागण्याची सोय होती.

१९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. आयोगाने चांद्यासह आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचविले होते. बाबासाहेबांनी त्याच वर्षी लिहिलेल्या पुस्तकात मराठी मुलखाची मुंबई शहर, पश्चिम, मध्य व पूर्व महाराष्ट्र अशी चार राज्ये करावीत असे सुचविले. एका राज्याची भाषा एक असावी, पण एका भाषेची राज्ये अनेक असू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. अवाढव्य राज्यात लहान समाज बहुसंख्यांच्या दडपणाखाली दबतो आणि काही राज्ये फार मोठी झाल्यास संघाचा तोलही ढळतो, ही त्यामागची भीती होती. या सूचनेशी मतभेद असणारे तेव्हाही होते व आजही आहेत. तिच्यामागची दुबळ्याविषयीची काळजी मात्र तीच जुनी होती.

चांद्यात १६ ऑक्टोबर १९५६

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि १६ ऑक्टोबरला ते चांद्यास आले. येथेही त्यांच्या हस्ते मोठ्या जनसमुदायाने दीक्षा घेतली. ते स्थान आज चंद्रपूरची दीक्षाभूमी म्हणून ओळखले जाते. चंद्रपूरचेच बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे हे या कार्यातील त्यांचे सहकारी. ते पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले.

बाबासाहेबांनी आपल्या धर्माचा स्वीकार केला नाही. ख्रिस्ती समाजातही जातिभेद शिरला आहे, अशी टीका त्यांनी केली होती आणि ती आपण आजही गांभीर्याने ऐकावयास हवी. परंतु माणसाने विवेकाने धर्म निवडावा व राज्याने त्याच्या आड येऊ नये, हा हक्क त्यांनी स्वतः बजावला आणि आपल्यालाही त्याच कलमाने तो मिळाला आहे.

त्या दिवशी चांदा मध्य प्रदेशात होते आणि नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. अवघ्या पंधरवड्याने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचनेनुसार चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. निजामाच्या मुलखातील राजुरा नांदेडमार्गे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. नकाशावरील रेषा सरकली की लोकांचे जीवन कसे बदलते याचे एक उदाहरण पाहा. १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला व १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. चांदा बारा वर्षे आधीच त्या राज्यातून बाहेर पडले होते, म्हणून तो कायदा येथे लागू झाला नाही. राज्याची सीमा ही अशी श्रद्धावंतांच्या दाराशी येऊन पोहोचते.

चांद्याहून परतल्यावर बाबासाहेब फार काळ जगले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपल्यापुढील प्रश्न

बाबासाहेबांना खेडेगावाविषयी भाबडे प्रेम नव्हते. गावातील बहुसंख्य समाज दुबळ्याला कसा छळतो हे त्यांनी पाहिले होते. म्हणून गावाला राज्याचा पाया मानण्यास त्यांचा विरोध होता. मग आज गडचिरोलीत ग्रामसभांना जे अधिकार मिळाले आहेत ते त्यांच्या विचाराविरुद्ध आहेत काय? आम्हांला तसे वाटत नाही. पेसा म्हणून ओळखला जाणारा १९९६ चा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा हे दोन्ही संसदेने केले. धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो दिल्लीत झालेल्या कायद्याच्या बळावर. बलवान केंद्राने सर्वांत लहान घटकाच्या हाती अधिकार दिला आणि त्या अधिकाराभोवती मूलभूत हक्कांचे कुंपण कायम राहिले. ग्रामसभेत स्त्रीला व अल्पसंख्य कुटुंबालाही तेच हक्क आहेत.

हा तोल आपोआप टिकत नाही. वने हा विषय मूळ संविधानात राज्यांकडे होता. १९७६ च्या दुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकड्यांवर लोहखनिज आहे. तेथे खनिजाविषयीचा केंद्राचा कायदा, जमिनीवरील राज्याचा अधिकार आणि ग्रामसभेचा हक्क हे तिन्ही एकाच डोंगरावर येऊन ठेपतात. केंद्र वा राज्य यांपैकी कोणीही ग्रामसभेला न विचारता निर्णय घेऊ लागले, तर संघराज्याची सारी रचना उभी राहूनही तिचा हेतू हरवेल.

संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्तसभेला शरीर व अवयव यांचा दाखला दिला होता. जे अवयव दुर्बल भासतात तेच अधिक आवश्यक असतात, ही त्याची शिकवण आपण उपासनेत अनेकदा ऐकतो. शरीर एक असावे म्हणून हाताने डोळा होण्याची गरज नसते. आणि डोळा दुखला तर सबंध शरीराने धावावे लागते. देशाच्या बाबतीत बाबासाहेबांनी हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत बसविण्याचा प्रयत्न केला.

आमच्या वाचकांना आमची एक विनंती आहे. येत्या संविधान दिनी धर्मग्रामात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होईल तेव्हा पाचव्या अनुसूचीवरही थोडी चर्चा व्हावी. अनुसूचित क्षेत्रातील आपल्या कुटुंबांनी ग्रामसभेला उपस्थित राहावे, आपले मत मांडावे आणि शेजाऱ्याचे ऐकून घ्यावे, मग तो शेजारी कोणत्याही धर्माचा वा जमातीचा असो. ख्रिस्तराजाचे राज्य या जगातील राज्यांसारखे नाही; पण या जगातील राज्यात न्याय नांदावा यासाठी झटणे हे त्याच्या प्रजेचे कर्तव्य आहे. प्रभू आपल्या या जंगलपट्टीतील सर्व लोकांना न्यायाने व बंधुभावाने एकत्र ठेवो, हीच आमची प्रार्थना.